दुपारचा हातोडा

तांबटकाकांची जगाबद्दल एकच तक्रार होती: त्यांना कुणी मनसोक्त ठोकू दिलं नाही. तांब्याची भांडी घडवणाऱ्या माणसाचं दुसरं मागणं तरी काय असणार? पण कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि भिंतीपलीकडे राहायची नर्सबाई. तिची कायमची रात्रपाळी. दुपारी अंथरुणाला पाठ टेकली की ती भिंतीवर दोन थापा मारायची आणि काका हातोडा खाली ठेवायचे.

"स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातोड्याला दुसऱ्याची परवानगी," ते धुसफुसायचे. "याला काय स्वातंत्र्य म्हणायचं?"

"तिने झोपायचं कधी मग?" काकू विचारायच्या. यावर काका गुपचूप भट्टी पेटवून सकाळी ठोकलेलं भांडं तापवत बसायचे.

मनात मात्र एक हंडा होता. एका दमात घडवलेला, अंगभर एकसारख्या ठोक्यांचा. "एकदा हात सलग चालू दे, मग बघ तुझा नवरा काय चीज आहे ते." इतकी वर्षं हे ऐकून काकूंचे कान किटले होते. काकांचा मात्र त्यावर मनापासून विश्वास होता.

आणि एक दिवस नर्सबाईला दिवसपाळी मिळाली. काकांना आभाळ ठेंगणं झालं. सकाळीच त्यांनी हंड्याचा पत्रा पुढ्यात घेतला, जेवण कसंबसं उरकलं, आणि दुपारभर मनाचे मालक होऊन ठोकत राहिले. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मध्ये तापवून त्याला मऊ करावं लागतं, हे ते लहानपणापासून जाणत होते. पण भट्टी पेटायची ती भिंतीवरच्या थापांनंतर. आज थापाच पडल्या नाहीत, आणि भट्टीची आठवण कुणालाच राहिली नाही. संध्याकाळी काठ वळवताना टर्रकन आवाज झाला. चीर थेट हंड्याच्या पोटापर्यंत गेली.

काकांना फार वाईट वाटलं. ज्या मोठ्या कारागिराची त्यांनी जन्मभर वाट पाहिली, तो एकदाचा आला आणि हंडा फोडून बसला. काकू दारात आल्या. पदराआड हसत होत्या. ते बघून काकांनाही हसू फुटलं. त्या रात्री ते दोन घास जास्तच जेवले.

नर्सबाईच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी काकांचा हातोडा थांबला. ती लगबगीने दारात आली.

"काका, माझ्यासाठी थांबू नका हो. मी आता दुपारची झोपत नाही."

काका नव्या हंड्याचा पत्रा भट्टीवर धरून बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"तुझ्यासाठी आजवर थांबलो, बाई," ते म्हणाले. "आज मी माझा थांबलोय."