पास झालेली नळी

उदगीरला आर्गॉन वेल्डिंग म्हटलं की गुंडप्पा. शाळा सातवीपर्यंत, पुढची तीस वर्षं दुधाच्या टाक्या जोडण्यात गेली. लातूर म्हटलं की ज्यांना फक्त भूकंप आणि पाण्याची रेल्वे आठवते, त्यांनी हे नीट वाचावं.

चाकूरची वर्षाराणी एका संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे. ती त्याच्याकडे दोन नळ्या घेऊन आली. सूर्यापासून फार लांब जाणाऱ्या यानाला ऊन पुरत नाही. म्हणून छोट्या अणुभट्टीवर वीज करायची आणि त्या विजेनं वायूचे कण मागं फेकत यान पुढं रेटायचं, असा बेत. भट्टीची जास्तीची उष्णता बाहेर टाकायला या नळ्या. सध्या चाचणी जमिनीवरच, भट्टीच्या जागी हीटर लावून. पण तिकडं वर नळी गळली तर वेल्डर कुठून पाठवणार?

एक नळी सरावात गेली. दुसरी मंगळवारी जोडली. बुधवारी तपासणीला गुंडप्पा आला तेव्हा त्याचं कपाळ कोरं होतं. मी त्याच्या हाताखाली काम करतो; भस्माशिवाय त्याला कधी पाहिलं नव्हतं.

हेलियम सोडून यंत्रानं गळती शोधली. आकडा हलला नाही. पास. वर्षाराणी सहीला वाकली, तसा गुंडप्पा म्हणाला, "थांब बाई. कापायची हाय."

नव्या कामाला आधी भस्माची तीन बोटं लावायची, ही त्याची जुनी सवय. जोडाला घामसुद्धा लागू द्यायचा नाही, असं तिनं बजावलं होतं. तरी मंगळवारी नळीच्या टोकावर बोटं आपोआप फिरली. पुसलं त्यानं, पण सगळं निघालं का, याची खात्री नव्हती.

वर्षाराणी भडकली. नळी उद्या पोचली नाही तर चाचणी दुसऱ्या गटाकडे जाणार होती. यंत्र पास म्हणतंय तर मामा तुम्ही कशाला खोड काढता, असं बरंच बोलली.

"यंत्राला काय ठावं मी काय लावलं ते. मला ठावं हाय. नकाशा बघ, अर्धा इंच कमी चालतंय का?"

तेवढीच सूट होती. म्हणजे एकच डाव.

त्यानं कापली. जोडाच्या पोटात राईएवढं काळं छिद्र, आरपार जायला जरासंच राहिलेलं. वर्षाराणीनं भिंगातून पाहिलं आणि सहीचा कागद बाजूला ठेवला. मग पंखे बंद, नवे हातमोजे, टोकं दोनदा धुतलेली. त्यानं जोडलं. पुन्हा हेलियम. दहा मिनिटं आम्ही तिघं आकड्याकडं बघत राहिलो.

हलला नाही. तिनं सही केली.

पूजेशिवाय तो तोंडात पाणी घेत नाही. दुपारी चारला त्यानं हात धुतले, भस्माची गोळी काढली आणि सकाळच्या पूजेला बसला.