थ्रॉन, म्हणजे माझे वडील

गेल्या वर्षी मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक भाषण दिलं. लोक अजून त्याची तारीफ करतात. तारीफ ऐकली की मला तोंड लपवावंसं वाटतं, आणि का ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

वाचनालयाचा एक कार्यक्रम असतो: महिन्यातून एकदा कोणीतरी एका शब्दावर तासभर बोलायचं. मी इथे नागपुरात कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून माझ्याकडून परक्या शब्दाची अपेक्षा होती. साधं इंग्रजी काय, सगळेच झाडतात. मी जरा भाव खायला स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतला शब्द निवडला, थ्रॉन. ही भाषा इंग्रजीची चुलत बहीण, पण शिकलेले लोक तिला गावंढळ समजत आले, आपल्याकडे वऱ्हाडीला समजतात तसंच. थ्रॉन म्हणजे हेकट, आडमुठा, चल म्हटलं की बसून राहणारा. वाकड्या झाडाला आणि वाकड्या तोंडालाही तोच शब्द. मूळ आहे जुन्या इंग्रजीतलं एक क्रियापद, अर्थ पिळणे, वळवणे. आज इंग्रजीत 'फेकणे'साठी जो शब्द आहे तो त्यातूनच आला, आणि रेशमाच्या धाग्याला पीळ देण्याच्या कामाला अजूनही तेच क्रियापद वापरतात.

आता नुसत्या व्युत्पत्तीवर लोक तासभर बसत नाहीत. त्यांना जिवंत माणूस लागतो. मी वडिलांना उभं केलं.

वडिलांनी कामठीत जन्मभर पॉवरलूमवर काम केलं. "माझे वडील म्हणजे चालतंबोलतं थ्रॉन," मी म्हणालो. "माझ्या घरी येतात, पण सोफ्यावर बसत नाहीत. हात धरून ओढा, विनवण्या करा, फरशीवरच मांडी घालणार." लोक हसले. हसणाऱ्यांवरून नजर फिरवली तर शेवटच्या रांगेत वडील बसलेले. फोनवर मीच फुशारकीनं कार्यक्रमाचं सांगितलं होतं. ते शेअर ऑटोनं न कळवता आले होते. दिवाळीला मी घेऊन दिलेला शर्ट अंगात होता, घडीच्या रेघा तशाच.

तिथेच थांबायला हवं होतं. पण लोकांना हसवायची चटक वाईट. माझ्या कागदावर पुढचा किस्सा नेमका त्या शर्टाचा होता: नवा शर्ट दिला तर पेटीत ठेवतात आणि माझ्याकडे मुद्दाम विटका घालून येतात. तोच शर्ट घातलेला माणूस समोर दिसत असताना मी तो किस्सा सांगितला. लोक आधीपेक्षा जास्त हसले.

जे सांगितलं नाही ते असं. सोफा नवा होता तेव्हा एकदा वडील मागावरची पाळी संपवून थेट माझ्याकडे आले होते, भुवयांवरसुद्धा सुताची पांढरी लव. कॉलेजातले दोन सहकारी बसले होते. वडील सोफ्याकडे वळले आणि ते बसणार त्या जागेवर मी झटकन पेपर अंथरला. ते थोडा वेळ त्या पेपराकडे बघत राहिले आणि मग खाली फरशीवर बसले. त्यानंतर सोफ्यावर कधी बसले नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी भर सभेत त्याला त्यांचा स्वभाव म्हणालो.

भाषणानंतर चहा होता. ग्रंथपाल बाई वडिलांजवळ गेल्या. "काका, पहिल्यांदाच आलात ना? सरांचे वडील तर नाही तुम्ही?"

"नाई जी," वडील म्हणाले. "मी कामठीचा. असाच आयकाले आलो होतो."

मी चार पावलांवर कप घेऊन उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कपात पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या हायसं वाटण्याची वाटते.

मी त्यांना ऑटोपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते म्हणाले, "चांगला बोलला गा. तुया शब्द आमच्याच धंद्यातला निघाला." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पन एक सांगाचं राहिलं. सुताले पीळ आपोआप नाई पडत. कोनीतरी देते."

"बाबा, त्या दिवशी मी तो पेपर..."

"सोड ते. बहुत दिवस झाले त्याले."

ते ऑटोत कडेला बसले. अजून दोन माणसं भरायची होती. मी वाकून विचारलं, "त्या बाईले नाई काहून म्हटलं, बाबा?"

"तुयी इज्जत होती ना तेथं," ते म्हणाले. शर्टाची बाही त्यांनी नीट केली. "मी नाई म्हटलं. तुले तं हो म्हनता येत होतं."