आईंसाठी खालचा बर्थ

आमचे हे कुठलीही गोष्ट झटकन करत नाहीत. बाथरूमचा नळ गळतोय म्हणून सांगावं, तर दोन दिवस नळाकडे बघतील, मग शेजाऱ्यांना आणून दाखवतील आणि मग म्हणतील, "गळतोय खरा." अशा माणसाने गणपतीची आमची कन्फर्म तिकिटं मात्र गॅसवरचं दूध उतू जायच्या आत रद्द केली. दूधही उतू गेलंच, कारण मी ते सोडून यांच्या मोबाईलकडे बघत उभी राहिले होते. ती सकाळ आठवली की अजून मला आधी राग येतो. पण त्या रागाच्या मागून दुसरंही काही येतं, म्हणून हे लिहितेय.

ते वर्ष आमच्या पाळीचं होतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात भावकीचा गणपती एकच. पाच घरं, दरवर्षी एका घरी तो बसतो, म्हणजे आपल्या दारात यायला पाच वर्षं लागतात. आधीच्या पाळीला लॉकडाउन होता. आमच्या घरात गणपती बसला, चुलतदिराने पूजा केली आणि आम्ही मीरा रोडला पेणकरपाड्याच्या आमच्या खोलीत मोबाईलवर आरती बघितली. नेटवर्क गेलं तेव्हा सासूबाई अंधारलेल्या मोबाईलसमोर हात जोडून तशाच बसून राहिल्या होत्या. त्यामुळे या पाळीची त्या किती वाट बघत होत्या ते मला ठाऊक होतं. त्यातून हिवाळ्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी कापसाची वस्त्रं आणि वाती करून बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरला. "पुढल्या पाळीला मी असेन का नसेन," असं त्या म्हणायच्या, तेही भाजीला मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जा, पण आडवं पडून जा. म्हणजे एसटी नाही, गाडी नाही. गणपतीच्या दिवसांत त्या हायवेवर धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. रेल्वेच हवी आणि बर्थ खालचाच हवा. बुकिंग उघडलं त्या सकाळी आम्ही दोघं दोन मोबाईल घेऊन बसलो. आठ वाजले, चक्र फिरायला लागलं, माझा मोबाईल अडकला आणि यांच्या मोबाईलवर तीन तिकिटं कन्फर्म आली. वसईहून बसायचं, आईंना खालचा बर्थ. मी देवासमोर साखर ठेवली आणि शेजारणीला हिंदीत दोनदा सांगून आले.

गणपतीला आठवडाभर उरला असताना गावाहून चुलतदिराचा फोन आला, वरच्या घरातले म्हातारे काका गेले. फोन ठेवून हे म्हणाले, "सुतक आलं." सुतकात गणपती बसत नाही, ही आमच्याकडची रीत. आईंनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काढून टाक ती तिकिटं. देवाला नको असेल तर आपण हट्ट धरू नये." मी म्हटलं, "अहो, जरा थांबा, नीट विचारा तरी." पण यांच्या डोक्यात एकच. गाडी जवळ येईल तसे जास्त पैसे कापतात, आज केलं तर कमी. आणि दाबलं बटण.

परतीच्या पैशांचा मेसेज आला तो वाचून माझं डोकंच फिरलं. माणशी रद्द करण्याचे कापले, ते एक वेळ समजलं. पण बुकिंगच्या वेळी सुविधा फी म्हणून घेतलेले पैसे परत मिळतच नाहीत म्हणे. सुविधा कसली, ती तर झालीच नाही, पण तिची फी मात्र गेली! मी हे तीनतीनदा म्हटलं. खरं तर मला पैशांचा राग नव्हता. आईंनी तो डबा उचलून कपाटावर ठेवायला मला दिला, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी यांनी गावी फोन केला, मूर्ती पुढच्या वर्षापर्यंत मूर्तिकाराकडेच ठेवायची का हे विचारायला. तिकडून चुलतदीर एवढ्या मोठ्याने बोलले की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"अरं, सुतक कसला? त्या घराचा सुतक शिमग्यात तोडला ना आपन! तू व्हतास की बैठकीला!"

झालं होतं असं की, पिढ्या लांबल्या म्हणून आता एकमेकांचं सुतक पाळायचं नाही, असं आमच्या पाच घरांनी आणि त्या वरच्या घराने शिमग्याला एकत्र बसून ठरवलं होतं. आमचे हे त्या बैठकीला हजर होते, पण पालखी नाचवून आल्यावर खांबाला टेकून झोपले होते. ऑपरेशनमुळे मी आणि आई इथेच होतो. गावात सगळ्यांना माहीत, म्हणून फोनवर कुणी ते बोललंच नाही.

हे ताबडतोब तिकीट बघायला बसले. त्या गाडीला आता वेटिंगसुद्धा मिळत नव्हतं. "तत्काळला बघतो," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही आता काही बघू नका." दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. वाडीतल्या मुंबईकरांनी मिळून एसटी केली होती, तिच्यात मागची दोनतीन सीटं रिकामी होती. आम्ही दोघं गेलो असतो. पण जिच्यासाठी जायचं ती माउली इथेच राहणार होती. आई मात्र म्हणत होत्या, "तुम्ही जा गं. पाळी आपली आहे, दार बंद नको."

तेवढ्यात माझी नणंद आली. ती भाईंदरला राहते आणि आली की आधी माझ्या स्वयंपाकघरात डोकावते. "वहिनी, आमटी पातळ झालीये." हे तिचं 'कशी आहेस'. आमचं कधी फारसं पटलं नाही. तोडून बोलायचं नाही आणि जोडूनही बोलायचं नाही, एवढंच. त्या दिवशी उत्तनची सुकी मासळी घेऊन आली, पुडी ओट्यावर ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाली, "दादा, तू धन्य आहेस." मग मला म्हणाली, "माझं तिकीट आहे ना त्याच गाडीचं, बर्थही खालचाच."

ते मला माहीत होतं. ती, तिचा नवरा आणि मुलगा तिच्या सासरच्या गावी चालले होते, आमच्या पुढे चार स्टेशनं. मी म्हटलं, "अगं, तुझं तिकीट आईंना कसं चालेल?"

"मुलीचं तिकीट आईच्या नावावर करून देतात. आमच्या ऑफिसातल्या एकीने केलंय. गाडीच्या आदल्या दिवसाच्या आत खिडकीवर जायचं, अर्ज द्यायचा, नातं दाखवायचं."

"आणि तू?"

"मी तुमच्याबरोबर एसटीने येईन. बघू."

नातं दाखवायचं म्हटल्यावर घरात शोधाशोध सुरू झाली. आमच्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलतात. आडनाव नवऱ्याचं, मधलं नाव नवऱ्याचं आणि पहिलं नाव तांदळाच्या ताटात अंगठीने नवं लिहिलेलं. तिच्या आधारकार्डावर आईबापाची खूण म्हणून काही नव्हतं. शेवटी आमचं जुनं रेशनकार्ड काढलं. लग्नानंतर तिथून तिचं नाव कमी केलेलं, म्हणजे लाल रेघ मारलेली, पण रेघेखाली वाचता येत होतं. त्याला तिने लग्नाचा दाखला जोडला, त्यावर जुनं आणि नवं दोन्ही नावं होती.

भाईंदरच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीवर आम्ही दोघीच गेलो. रांगेत तिने मला विचारलं, "वहिनी, चहा घेणार?" इतक्या वर्षांत तिने मला चहा विचारल्याचं मला आठवत नाही. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले. लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तुम्हीच का?" नणंद म्हणाली, "हो. रेघ मारली म्हणून आई बदलत नाही ना, मॅडम." बाई हसल्या. आत साहेबांकडे जाऊन आल्या, शिक्का मारला आणि तिकिटावर माझ्या सासूचं नाव घातलं.

मी पर्स उघडली. "किती द्यायचे?"

"काही नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी पुन्हा विचारलं, खरंच काही कापलं नाही? नणंद म्हणाली, "रद्द केलं की कापतात, वहिनी. दिलं की नाही कापत." आणि रिक्षाला हात केला. तिथे भर रस्त्यात मला रडू आलं. या बाईशी मी आमटीवरून किती वर्षं मनात भांडत होते!

आई जावयाबरोबर गेल्या. जावयासमोर पाय पसरून कसं झोपायचं, म्हणून आधी नको नको म्हणाल्या, मग वसईला खालच्या बर्थवर डबा उशाशी घेऊन आडव्या झाल्या. आम्ही तिघं एसटीत मागच्या सीटवर. निघाल्या निघाल्या वरसाव्याच्या पुलापाशीच गाडी अशी अडकली की लोकांनी खाली उतरून भजनाला सुरुवात केली. पुढे खड्डे मोजायचं मी सोडून दिलं. नणंद माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि खांदा भरून आला तरी मी हलले नाही.

गावात पोचलो तेव्हा आई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. स्टेशनवर चुलतदिरांनी त्यांना उतरवून घेतलं होतं. एसटीतून आधी मी उतरले, मग हे, आणि आमच्या मागून ती. आई आमच्याकडे बघतच नव्हत्या. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. लग्न झाल्यापासून या पोरीने माहेरचा गणपती पाहिलाच नव्हता. दरवर्षी सासरचा गणपती, सासरचे मोदक, सासरची पाहुणेमंडळी. रीतच ती, त्यात कुणी कुणाला विचारत नाही.

"सासरी काय सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

"तिकीट नाही मिळालं म्हणून," ती म्हणाली. "खोटं थोडंच आहे! उद्या दुपारच्या एसटीने जाते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती आला. ओवाळायला आईंनी मला बोलावलं आणि तिलाही. आईंच्या हातच्या वाती, माझ्या हातात ताट, तिच्या हातात अक्षता. आरती झाली तरी आई तिच्याकडेच बघत होत्या. देवाकडे बघितलं असेल तर चोरून. मला त्या क्षणी सगळ्यांचे उपकार वाटले. खिडकीतल्या बाईंचे, जावयाचे, एसटीवाल्याचे, आणि आता सांगायला हरकत नाही, खांबाला टेकून झोपलेल्या माझ्या नवऱ्याचेही.

दुपारी नणंद निघाली. आईंनी पदराने डोळे पुसले, मग यांना जवळ बोलावलं.

"पुढच्या पाळीला," त्या म्हणाल्या, "पण अशीच तिकिटं रद्द कर हो."