सतरा विहिरींची वही

आमच्याकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा विषय सक्तीचा होता. त्याचे गुण टक्केवारीत धरत नसत, पण त्यात पास झाल्याशिवाय डिग्री हाती पडत नसे. लग्नातल्या मानपानासारखंच हे, एरवी कुणाच्या खिजगणतीत नाही, पण चुकलं की सगळं अडतं. मी मूळची मराठीची. नांदुऱ्याकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक. कुणालाच नको असलेला हा विषय, सगळ्यांत नवी म्हणून माझ्या गळ्यात पडला आणि मी तो रागारागानेच शिकवला.

विषयाबरोबर एक प्रकल्प असायचा. पोरं तो स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणायची. स्पायरल बाइंडिंग, वर निळी पृथ्वी, आत जलप्रदूषणाची तीच ती वीस पानं. नाव आणि रोल नंबर तेवढा स्वतःचा. हे मला ठाऊक होतं, माझ्या आधी शिकवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मी गठ्ठा पुढ्यात घ्यायचे, कव्हरवरचा रोल नंबर पाहायचे आणि गुण टाकायचे. ज्याचं बाइंडिंग नीट त्याला दोन गुण जास्त, एवढाच काय तो माझा न्याय.

त्या वर्गात वडनेर भोलजीकडची एक अंगणवाडी सेविका होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ती मला मॅडम म्हणायची, मी तिला ताई. अंगणवाडी आटोपून बसने यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. तिला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. त्या परीक्षेला डिग्री लागत होती, वयाचीही अट होती. बी.ए. वेळेत झालं तर एकदाच फॉर्म भरता येणार होता, त्यानंतर वय निघून जाणार होतं. हे तिनं मला एकदा नाही, चारदा सांगितलं होतं.

प्रकल्प द्यायच्या दिवशी ती घाईत आली. हातात अंगणवाडीत असतं तसलं लांबट रजिस्टर, त्याला खाकी कव्हर. "मॅडम, हे घ्या माह्यं," म्हणाली आणि बस सुटेल म्हणून पळाली. ते रजिस्टर स्पायरलच्या गठ्ठ्यावर नीट बसेना, म्हणून मी उचलून कपाटावर टाकलं. अंगणवाडीचंच काहीतरी असेल, नेईल नंतर, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गुण भरताना तिच्या रोल नंबरची स्पायरल सापडली नाही. मी तिच्यापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पुढच्या नंबरवर गेले.

दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेत पर्यावरणापुढे काय लिहिलंय हे कुणीच पाहत नाही. तिनंही पाहिलं नाही. वर्षभराने तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, आणि खाली 'निकाल राखून ठेवला आहे'.

ती थेट स्टाफरूममध्ये आली. चार-पाच जण बसलेले होते.

"मॅडम, मी वही देल्ली होती न तुमच्याजवळ?"

मला खरंच आठवत नव्हतं. पण आठवत नाही असं म्हणायची माझी जात नाही. मी उसळले. "ताई, दिली असती तर गुण लागले असते. नोकरी, घर, कॉलेज, सगळं एकदम करायला जाता आणि मग आमच्यावर ढकलता!"

ती हळूच म्हणाली, "मीच इसरली असन मॅडम. त्या साली घरी लय धावपळ होती." आणि वर मलाच म्हणाली, "रागावू नका."

पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांनी कपाटं साफ करायला लावली. स्टुलावर उभी राहून मी वरची धूळ झटकत होते, तेव्हा ते रजिस्टर हाताला लागलं. उघडलं आणि स्टुलावरच उभी राहून वाचत गेले.

तिनं गावशिवारातल्या सतरा विहिरींचं पाणी तपासलं होतं. आमच्या या खारपाणपट्ट्यात दोन हाकांच्या अंतरावर पाण्याची चव बदलते. प्रयोगशाळा कुठून आणणार? तिनं प्रत्येक विहिरीच्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवून पाहिली होती. तीच डाळ, तेच गंज म्हणजे पातेलं, तीच चूल. कोणत्या पाण्यात किती वेळात शिजली, कोणत्यात तासाभरानेही टणक राहिली, कोणत्या विहिरीवर आता कुणीच जात नाही, कोणत्या विहिरीवर कधीकाळी कुणाला येऊ देत नव्हते, सगळं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर होतं, 'आमच्या अंगणवाडीची खिचडी रोज कच्ची का राहते, हे मला या अभ्यासातून कळले.' मी इतकी वर्षं शिकवलं, पण एवढं खरं वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं नाही.

तिच्या फॉर्मची मुदत संपायला तेव्हा आठ दिवस होते. 'चूक माझी आहे, प्रकल्प मिळाला आहे' एवढं पत्र मी प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला द्यायला हवं होतं. निकाल वेळेत सुटला असता की नाही, देव जाणे. पण त्याच महिन्यात माझी नेमणूक पुन्हा व्हायची होती. आज देऊ, उद्या देऊ करत मी आठ दिवस काढले. रजिस्टर माझ्या पिशवीतून घरी आलं. मी भ्याले, दुसरं काही नाही.

नंतर तिला मीच झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. ती निळी पृथ्वी घेऊन आली आणि मी न उघडता तिला चांगले गुण दिले. डिग्री मिळाली. फॉर्म भरायचं वय तेवढं निघून गेलं.

परवा ती पेढे घेऊन घरी आली होती. तिच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला.

"तिले सांगतलं मॅडम, माह्यासारखं करू नको. जे द्याचं ते टायमावर दे. माहं डोकंच ठिकाणावर नव्हतं त्या साली. म्या देल्लीच नव्हती वही, अन् तुमच्यावर आळ घेतला. अजून लाज वाटते मले."

ती खुर्चीत बसली होती. तिच्या पाठीमागच्याच कपाटात, साड्यांच्या खाली, ते रजिस्टर होतं. उठून चार पावलं टाकायची होती.

"जाऊ द्या ताई, होतं असं," मी म्हणाले, आणि तिनं पुढे केलेला पेढा खाल्ला.