वकीलसाहेबांची फी

वकीलसाहेब आज सकाळी गेले. मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, 'देवमाणूस गेला'. त्यांच्या मुलाने तर मोठी पोस्ट टाकली आहे.

'बाबा सांगलीतले जुने नोटरी. एका जवानाच्या विधवेचं काम त्यांनी एक पैसा न घेता करून दिलं होतं.'

ती विधवा माझी आई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील फौजेत होते, सीमेवर मारले गेले. मी तेव्हा आईच्या कडेवर. पुढचं सगळं तिच्याकडूनच ऐकलेलं, आणि एकदा नाही, शंभरदा.

आईचं माहेर वडूज. नाव हिरा. लग्नात सासरच्यांनी ते बदलून सुमन ठेवलं.

वडिलांना सुमन काही रुचलं नाही. ते तिला हिराच म्हणायचे. पलटणीत बायकोचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी हिराच सांगितलं.

झालं. पेन्शनच्या कागदावर हिरा आणि रेशनकार्डावर सुमन.

दोन्ही नावांची बाई एकच आहे असं अॅफिडेव्हिट करा, नोटरीचा शिक्का आणा, मग पेन्शन सुरू होईल, असं फौजेकडून कळवलं.

आईला वाटलं, एवढंच ना. वकीलसाहेब तर घरचेच. माझ्या थोरल्या चुलत्यांचे जिगरी दोस्त. आईच्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवलेले. दरवर्षी कडेगावला आमच्या गुऱ्हाळावर यायचे आणि बाजेवर बसून "वहिनी, काकवी आणा" म्हणायचे.

आई मामाला घेऊन एसटीने सांगलीला गेली.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला.

"बाई, मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही कोण ते सांगायला माझ्या ओळखीचा माणूस आणा."

वहिनीची बाई झाली.

"आवं सायेब, माज्या हातची काकवी खाल्लीसा की तुमी."

"ते गुऱ्हाळावर. हे कायद्याचं काम आहे."

मामा चालणार नव्हता, कारण तोही म्हणे ओळखीचा नव्हता. दुसऱ्या नोटरीनेही ओळखीचाच माणूस मागितला. कडेगावातला कोर्टात ओळख असलेला माणूस एकच, थोरले चुलते. बाकीचे त्यांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते.

चुलते म्हणाले, "येतो की. पर आदी विहिरीजवळचं रान सोडून दे. तुला एकटीला काय करायचंय त्ये?"

विहिरीजवळचं रान म्हणजे आमच्या वाटणीतला सगळा ऊस.

आई अडून बसली. पण पेन्शन अडकलेली, घरात चुलीवरून टोमणे, आणि कडेवर मी. शेवटी ती चुलत्यांबरोबर सांगलीला गेली.

हक्कसोडपत्र साहेबांच्या ड्रॉवरमध्ये टाइप होऊन तयार होतं.

आधी त्यावर आईचा अंगठा घेतला. रजिस्टर ऑफिसात नेऊन ते पक्कं केलं. मग अॅफिडेव्हिट बाहेर आलं. त्याच्या खाली एक ओळ होती, 'सदर बाईस मी व्यक्तिशः ओळखतो.' तिथं चुलत्यांनी सही केली आणि साहेबांनी शिक्का मारला.

आई कनवटीचे पैसे सोडायला लागली, तर साहेब हसून म्हणाले, "राहू द्या हो वहिनी. घरचंच काम आहे."

पुन्हा वहिनी.

आई मला घेऊन वडूजला आली ती कायमची. माहेरच्या कोरडवाहू रानात राबली. पेन्शनवर मी शिकले. मरेपर्यंत ती एकच म्हणायची, "मी कोन हाय ते सांगायला माजं रान गेलं गं."

विहिरीजवळचा एक तुकडा चुलत्यांनी पुढे साहेबांना दिला. कशाबद्दल, ते मी सांगायला नको.

साहेबांच्या मुलाने मघाशी मेसेज केला. "ताई, तुमचा आमचा जुना घरोबा. बाबांबद्दल दोन शब्द लिहा ना."

मी त्याची पोस्ट परत उघडली. फोटो त्यांच्या कडेगावच्या फार्महाऊसवरचा आहे. साहेब झोपाळ्यावर बसलेत, गळ्यात शाल.

मागे आमची विहीर आहे.

श्रद्धांजली वाहायला पुष्कळ लोक आहेत. मी माझ्यापुरतं लिहिते.

फोटोतल्या गृहस्थांना मी व्यक्तिशः ओळखते.

— हिराची मुलगी