पालींसाठी लावलेलं मोरपीस

मोरपिसात कोणाला कृष्ण दिसतो, कोणाला विद्या. आमच्या घरी ते पालींसाठी होतं. आईला पालींची फार भीती. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला त्या पहिल्याच वर्षी बाबांना कडुनिंबाखाली एक मोरपीस सापडलं. पाल मोराला भिते असं आईला कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने ते स्वयंपाकघराच्या दारावर लावलं.

"दिल्लीची पाल आहे ती," बाबा चिडवायचे. "रोज अख्खा मोर बघते. पिसाला काय भिणार?"

पण पाहुण्यांना मात्र कौतुकाने सांगायचे, "दोन क्वार्टर बदलले. पीस तेच."

तेच कसं असेल? मोरपिसाला कसर लागते, बारीक किडे ते खात जातात. मी सहावीत होते. एका दुपारी शाळेतून लवकर आले, तर आई स्टुलावर चढून जुनं पीस काढत होती. नवं तिच्या दातांत धरलेलं. पावसाळा संपता संपता मोर पिसं गाळतात. त्यातलं एक ती दर वर्षी शोधून आणायची.

"बाबांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, त्यांनी आणलेलंच आहे."

आणि जुनं पीस तिने सरळ केराच्या बादलीत टाकलं. ते माझ्या मनाला फार लागलं होतं.

बाबा निवृत्त झाल्यावर दोघं माझ्याकडे गुरुग्रामला आली. आईला जाऊन आता दहा महिने झाले. तिने लावलेलं शेवटचं पीस आमच्या नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या दारावर होतं. गेल्या महिन्यात त्याचा डोळा झडायला लागला. सकाळी दाराखाली काळसर भुगा पडलेला असायचा. बाबा उठायच्या आत मी तो पुसून घ्यायची. त्यांना दिसलं तर? बायको गेली, आता तिच्यासाठी आणलेलं पीसही गेलं, असं त्यांना वाटू द्यायचं? आणि बदलावं, तर ते तिच्या हातचं.

मी पुस्तक घेऊन बसले तरी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे बाभळीचं रान आहे. तिथे मोर ओरडतात. ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्येसुद्धा मी खाली उतरून तिथे फिरू लागले.

"मॅडम, कुछ गिर गया क्या?" मागच्या गेटवरच्या गार्डने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"मोर का पंख ढूंढ रही हूं."

"अरे, वो तो बाजार में मिल जाएगा."

"गिरा हुआ चाहिए, भैया."

"तो फिर मोर से बोलना पड़ेगा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

आठव्या दिवशी मिळालं. देठाशी जरा वाकलेलं. बाबा आंघोळीला गेल्यावर मी स्टुलावर चढले. चिकटपट्टी दोनदा हातालाच चिकटली.

बाबा डोकं पुसत बाहेर आले आणि दारापाशी थांबले. त्यांनी वर पिसाकडे बघितलं.

"थोडं डावीकडे घे," ते म्हणाले. "तुझी आई डावीकडे लावायची. दर वर्षी."

मी स्टुलावरूनच मागे वळले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"देठ कधी लांब, कधी आखूड. मला काय दिसत नव्हतं? पण बोललो असतो, तर तिची मजा गेली असती." मग टॉवेल खांद्यावर टाकत त्यांनी विचारलं, "जुनं टाकलंस ना? ती लगेच टाकायची. मागे ठेवायची नाही. कसर पसरते."

"हो," मी म्हटलं.

टाकलेलं नाही. माझ्या जाड शब्दकोशात आहे. दोन-तीन दिवसांनी मी तो उघडते, पानांतला काळा भुगा झटकते, पीस परत आत ठेवते. काल शेजारच्या पुस्तकाच्या कापडी बांधणीवरही तसाच भुगा दिसला.