कोरडेपणाचे दोन गुण

स्त्री कैद्यांच्या मनाचा कोरडेपणा मोजायला मी अमरावतीच्या तुरुंगात गेले, तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, बार्शीटाकळीकडची. नाव मी विचारलंच नाही. शास्त्राला नाव चालत नाही, नंबर लागतो.

माझ्या प्रश्नावलीत प्रत्येक कोरड्या उत्तराला दोन गुण होते.

"समोर कोणी रडत असलं, तरी तुमचं काम चालू राहतं का?"

"राह्यते ना," सुपातला खडा वेचत ती म्हणाली. "लेकरू वावराच्या धुऱ्यावर रडे, मी कापूस येचत राहो. मुकादम थोडीच थांबे?"

मी दोन गुण लिहिले. ती वाकून कागदाकडे बघत होती.

पुढचा प्रश्न मुलांच्या आठवणीचा होता. तो ऐकून तिच्या शेजारची तरुण बाई हुंदके देऊन रडायला लागली. मला चारच्या आत वीस बायका उरकायच्या होत्या, म्हणून मी आवाज चढवून त्याच्या पुढचा प्रश्न वाचला.

तिनं सूप खाली ठेवलं. त्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, तिचं नाक स्वतःच्या पदरानं पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्याडम, याचेच मले दोन लिवले ना तुमी? मंग आता सोताचे बी लिवून टाका."

मी लिहिले नाहीत. पुढे परिषदेत माझ्या निबंधाला टाळ्या पडल्या. त्यातल्या 'भावनाशून्य' गटात तिचा नंबर आहे. माझं नाव फक्त मुखपृष्ठावर आहे.